टॉक्सोडेरा, तात्यांची गाय आणि कडवळ

गेल्या भाद्रपदात एकच निरोप माझ्या मोबाइलवर सात जणांकडून आला. त्यात आमच्या शाळेतले दोन शिक्षक होते, माझी सख्खी मावशी होती आणि दूध संकलनावरचा पोरगाही होता. सोबत एक फोटो. वाळक्या, वाकड्या डहाळीला डोळे फुटावेत तसा एक किडा कुणाच्या तरी बोटावर बसलेला. खालचा मजकूर आधी देते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते कळेल.

"सावधान! जगातला सर्वांत विषारी काडीकिडा महाराष्ट्रात शिरला आहे. नाव टॉक्सोडेरा. नावातच टॉक्सिक म्हणजे विष आहे. इंडोनेशियाच्या जंगलातला हा किडा आता आपल्या ज्वारी-कपाशीच्या रानात दिसू लागला आहे. चाऱ्यातून गाईच्या पोटात गेला तर अर्ध्या तासात गाय दगावते. चिरडला तर पोटातून काळा दोरा निघतो आणि तो माणसाच्या अंगात शिरतो. मादी नराला खाल्ल्याशिवाय राहत नाही, इतकी क्रूर जात. दिसला की जागेवर जाळा. पुढे पाठवा, एखाद्याचं जनावर वाचेल."

याच निरोपाचा दुसरा अवतारही फिरत होता. त्यात विषाचा भाग तसाच होता, पण शेवट बदललेला: "जिवंत पकडल्यास परदेशात लाखो रुपये मिळतात."

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हा निरोप मला पाठवणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात खोट नव्हती. "एखाद्याचं जनावर वाचेल" हे वाक्य वाचून दावणीला एकच गाय असलेला माणूस ते पुढे पाठवल्यावाचून कसा राहील? म्हणून "काहीही पाठवता" म्हणत हात झटकणं मला पटत नाही. ज्यांनी काळजीपोटी पाठवलं त्यांना वाक्यागणिक उत्तर मिळायला हवं.

आधी फोटो. आमच्या एका सरांचं म्हणणं पडलं की असा प्राणी असूच शकत नाही, चित्र संगणकावर बनवलेलं असणार. सरांचं चुकलं. टॉक्सोडेरा खराखुरा आहे. प्रार्थनाकीटकांमधली ती एक प्रजाती, म्हणजे जवळच्या काही जातींचा गट. प्रार्थनाकीटक कोणता ते न कळलेल्यांसाठी: पुढचे दोन पाय जोडून, हात जोडल्यासारखा बसतो तो. काही भागांत त्याला खंडोबाचा किडा म्हणतात, बरेच जण सरसकट नाकतोडा म्हणून मोकळे होतात. टॉक्सोडेरा या साध्या हिरव्या प्रार्थनाकीटकापेक्षा फार वेगळा दिसतो. छातीचा पुढचा भाग, जो आपल्याला मान वाटतो, लांबलचक आणि कमानीसारखा वाकलेला. पोटाच्या कडांना आणि पायांना पातळ पाळ्या, जशी वाळक्या फांदीची साल सुटून लोंबते तशा. अंगावर दगडफुलासारख्या करड्या-हिरवट छटा. डोळे गोल नाहीत, निमुळते होत टोकाला गेलेले, आणि त्यांच्यावर चक्क पट्टे. हा प्राणी पहिल्यांदा बघणाऱ्याला खोटा वाटला तर मी त्याला दोष देणार नाही. मीही तो फोटो मोठा करकरून पाहिला.

आता "नावातच विष आहे" हे वाक्य. संपूर्ण निरोपात हे सगळ्यांत हुशारीचं आहे, कारण ज्याला थोडं इंग्रजी येतं त्याला ते लगेच पटतं. टॉक्सिक, टॉक्सिन, टॉक्सोडेरा, एकाच माळेतले मणी. माळ एकच आहे हे खरं, पण तिचा दोरा उलट बाजूनं ओवलेला आहे. ही प्रजाती १८३७ साली ओदिने-सेर्व्हिल या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानं जावा बेटावरून आलेल्या नमुन्यावरून शास्त्राला सांगितली. ग्रीक भाषेत 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य आणि 'डेरे' म्हणजे मान. धनुष्यासारख्या मानेचा, तो टॉक्सोडेरा. वर सांगितलेली ती कमान. मग टॉक्सिकमधलं विष कुठून आलं? तेही याच धनुष्यातून. बाणाच्या टोकाला लावायच्या विषाला ग्रीक लोक 'टॉक्सिकॉन' म्हणायचे, म्हणजे 'धनुष्याचं' औषध. पुढे धनुष्यबाण गेले आणि शब्दात विष तेवढं उरलं. किड्याच्या नावात मात्र जुनं धनुष्यच आहे. वर्गात हे सांगितलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग कोदंडसारखंच की हे?" तिच्या काकांचं नाव कोदंड, म्हणजे धनुष्यच. मला तिचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा आवडलं.

"काडीकिडा" हा शब्दही चुकीचा पडला आहे. काडीकिडा नावाचा वेगळा प्राणी खरंच असतो, काडीसारखाच दिसतो, पण तो निव्वळ पाला खाणारा. त्याचा आणि प्रार्थनाकीटकाचा थेट भाऊबंदकीचा संबंध नाही. प्रार्थनाकीटकाची जवळची नाती झुरळ आणि वाळवीशी. ओळखायचं कसं, तर पुढचे पाय बघायचे. प्रार्थनाकीटकाचा पुढचा पाय अडकित्त्यासारखा मिटतो. दोन्ही पात्यांना काटे असतात आणि माशी त्यात सुपारीसारखी सापडते. काडीकिड्याचे पाय सगळे साधे, चालण्याचे. दुसरी खूण डोकं. प्रार्थनाकीटकाचं डोकं तिकोनी असतं आणि तो ते वळवून तुमच्याकडे बघतो. किड्यांमध्ये असं वळून बघणं फार थोड्यांना जमतं, आणि मुलांना नेमकी त्याचीच भीती वाटते. तिसरी खूण अंडी. काडीकिड्याची अंडी बियांसारखी एकेक सुटी असतात. प्रार्थनाकीटकाची मादी फेस काढून त्यात अंडी घालते, तो फेस काडीवर वाळून घट्ट डबी होते.

विषाचं म्हणाल तर अमेरिकेतले काही काडीकिडे डिवचल्यावर डोळे चुरचुरवणारा द्रव उडवतात. प्रार्थनाकीटकाकडे तेही नाही. नांगी नाही, विषग्रंथी नाही, दंश करणारा सुळा नाही. जबडा आहे, तो चावण्याचा. हातात घट्ट धरला तर पायाचे काटे टोचतात, क्वचित रक्ताचा ठिपका येतो, बस. कोंबड्या, सरडे, खंड्या त्याला मजेत खातात. चीनमध्ये त्याच्या अंड्यांच्या वाळक्या डब्या शेकडो वर्षं काढ्यात घालून माणसं पीत आली आहेत. त्या काढ्यानं गुण येतो की नाही हा वेगळा विषय, पण जगातला सर्वांत विषारी प्राणी कुणी पिढ्यानपिढ्या उकळून प्यायलं नसतं.

"महाराष्ट्रात शिरला आहे." टॉक्सोडेराचं घर मलेशिया, सुमात्रा, जावा, बोर्नियोकडची वर्षावनं. बारमाही ओल, झाडावर झाड, फांद्यांवर शेवाळ आणि दगडफूल. त्याचं सगळं सोंग त्या पार्श्वभूमीसाठी आहे. माणच्या माळावर, बाभळीखाली, कुसळाच्या गवतात त्या सोंगाचा काही उपयोग नाही. मग लोकांना रानात दिसलं ते काय?

हे मला एका मुलानंच दाखवलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाचवीतला एक पोरगा वहीच्या पुठ्ठ्यावर काहीतरी झाकून वर्गात आला. "बाई, ह्यो बगा त्यो किडा. आज्यानं मारला." पुठ्ठ्यावर एक फिकट, गवती रंगाची काडी पडली होती, माझ्या करंगळीच्या दुप्पट लांब, सुतळीपेक्षा थोडी जाड. मधोमध चपलेनं दाबलेली. मागचे पाय इतके बारीक की ते तिथे आहेत हे पुठ्ठा तिरका धरल्यावर समजलं. डोक्यावर दोन शिंगं दिसली. भिंग लावलं तर ती शिंगं नव्हती, डोळेच होते, पुढे टोकदार होत गेलेले. पुढचे दोन पाय अजून डोक्याच्या दोन्ही अंगांनी सरळ ताणलेले होते. मरतानाही त्यानं काडी असल्याचं सोंग सोडलं नव्हतं. एक मुंगी त्या पायाच्या काट्यांमधून वाट काढत होती. वर्ग गप्प होता, आणि मला काही क्षण बोलवेना.

हा आपल्याकडचा गवती प्रार्थनाकीटक, शास्त्रीय नाव स्किझोसेफाला बायकॉर्निस. बायकॉर्निस म्हणजे दोन शिंगांचा. हे नाव सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५८ साली दिलेलं, म्हणजे पानिपतच्या तीन वर्षं आधी. हा पाहुणा नव्हे. तो इथलाच, या गवताचाच. टॉक्सोडेराच्या कुळातली माणसंही, म्हणजे माणसं नव्हेत, किडे, भारतात आहेत. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत एथॅलोक्रोआ नावाची प्रजाती मिळते, तीही काडीचं सोंग घेणारी. या कुळातल्या पॅराटॉक्सोडेरा या प्रजातीला नाव देणारा जेम्स वुड-मेसन कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये होता. प्रार्थनाकीटकांची त्याची सूची १८८९ आणि १८९१ साली दोन भागांत निघाली. भारतात प्रार्थनाकीटकांच्या दीडशेहून जास्त जाती आहेत. काडी, गवत, पान, साल, फूल, ज्याला जे जमलं ते त्यानं पांघरलं. तेव्हा रानात काडीसारखं काही हललं म्हणजे इंडोनेशियाहून काही आलं असं होत नाही.

हे सोंग कसं चालतं यावर माझा एक आवडता प्रयोग आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१० साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी कोंबडीची पिल्लं घेतली आणि डहाळीसारख्या दिसणाऱ्या अळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. काही पिल्लांनी आधी खऱ्या डहाळ्या पाहिल्या होत्या, काहींनी नव्हत्या. ज्यांनी डहाळी कधी पाहिलीच नव्हती त्यांनी अळीवर लवकर चोच मारली. ज्यांना डहाळी माहीत होती ती रेंगाळली. अळी दोघांनाही दिसत होतीच. डहाळी माहीत असलेल्या पिल्लानं तिला "ही तर डहाळी" म्हणून सोडून दिलं. म्हणजे हे नुसतं लपणं नव्हे. समोर बसून दुसऱ्याच वस्तूचं नाव घेणं आहे. गवती प्रार्थनाकीटक मी माळावर कित्येकदा असाच पाहिलाय. वारा आला की गवतासोबत तोही झुलतो. बोट जवळ नेलं की तो उडत नाही, शांतपणे काडीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. बोट फिरवलं की तो पुन्हा सरकतो. एकदा पाव तास आमचा हा खेळ चालला होता.

आता काळा दोरा. या एका वाक्यामागे खरी गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबते. पाण्याजवळच्या प्रार्थनाकीटकाच्या पोटातून कधीकधी खरोखरच काळा, लांब, वळवळणारा दोरा बाहेर येतो. त्याचे व्हिडिओही आहेत आणि ते खरे आहेत. पहिल्यांदा बघताना पोटात कालवतं. तो दोरा म्हणजे केसकृमी, एक परजीवी. घोड्याची शेपटी धुताना केस पाण्यात पडतात आणि त्यांच्यात जीव येतो, अशी युरोपात जुनी समजूत होती, त्यावरून त्याला तिकडे घोडकेसाचं नाव पडलं. त्याचं चक्र असं: अंडी पाण्यात. त्यातून निघालेली बारीक अळी पाण्यातल्या छोट्या किड्यांत शिरते. ते किडे पंख फुटून वर आले की प्रार्थनाकीटक त्यांना खातो, आणि अळी त्याच्या पोटात जाऊन वाढते. वाढून त्याच्या अंगापेक्षाही लांब होते. मग तिला परत पाणी हवं असतं, आणि आता आश्चर्य असं की पाण्याशी काही घेणंदेणं नसलेला प्रार्थनाकीटक आपण होऊन पाण्याकडे चालू लागतो. पाण्यावरून परतणारा उजेड एका विशिष्ट दिशेनं कंप पावत येतो. पोटात कृमी असलेले प्रार्थनाकीटक अशाच उजेडाकडे ओढले जातात, हे जपानी संशोधकांनी २०२१ साली दाखवलं. २०२३ साली त्याहून चक्रावणारं कळलं. या कृमीजवळ प्रार्थनाकीटकाच्या जनुकांशी मिळतीजुळती हजाराहून जास्त जनुकं आहेत. यजमानाचंच काही उचलून त्याच्यावर हुकूम चालवायला वापरत असावी, असा त्यांचा कयास आहे.

यात माणूस कुठेच नाही. ही कृमी वाढते ती किड्यांच्या आणि त्यांच्या गणगोताच्या शरीरात. माणसाच्या कातडीतून आत जायला तिच्याकडे अवयव नाही, आणि आपल्या रक्तात तिचं चक्र पुरं होत नाही. चुकून हातावर आलीच तर हात धुवा. कृमी बाहेर पडल्यावर प्रार्थनाकीटक बहुधा पाण्यात बुडून मरतो किंवा मासा त्याला खातो. या गोष्टीत कुणाची दया करायचीच असेल तर त्याची करावी. त्याच्या अंगावर झालेला अन्याय निरोपात त्याच्याच नावावर गुन्हा म्हणून लावलेला आहे, आणि हे मला फार लागलं.

"मादी नराला खाल्ल्याशिवाय राहत नाही." नर खाल्ला जातो, हे खरं. "खाल्ल्याशिवाय राहत नाही" हे खोटं. पोर्तुगालच्या मोकळ्या रानात युरोपीय प्रार्थनाकीटकाचं निरीक्षण करून १९९२ साली मांडलेला आकडा आहे ३१ टक्के. म्हणजे दहातले सात नर सहीसलामत निघून गेले. मादी उपाशी असेल तर धोका जास्त, पोट भरलेलं असेल तर कमी. जुन्या गोष्टींपैकी बऱ्याच बंद पेटीतल्या, भुकेल्या मादीवरून पसरल्या. २०१६ साली अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी नरांच्या अंगातल्या प्रथिनांवर खूण करून ती कुठे जातात ते पाहिलं. ती मादीच्या अंड्यांत सापडली, आणि नर खाल्लेल्या माद्यांनी दुपटीहून जास्त अंडी घातली. यात क्रूर, दयाळू असे शब्द लावणंच गैर आहे. मुलांनी विचारलं की मी हे सरळ सांगते, लपवत नाही.

लाखो रुपयांचं थोडक्यात सांगते, कारण असल्या निरोपाची शिकार आपल्याकडे आधीच झाली आहे. मांडूळ सापाची गुप्तधनाशी सांगड घालून त्याची तस्करी सुरू झाली. कितीतरी बिनविषारी, बिचारी मांडुळं पोत्यांत कोंबून मेली, आणि सौद्याच्या नादात गावची पोरं तुरुंगात गेली. टॉक्सोडेरा दुर्मिळ म्हणतात तो मुख्यतः संग्रहालयांच्या अर्थानं. दाट जंगलात, काडीच्या सोंगात राहणारा प्राणी माणसाच्या नजरेला क्वचित पडतो आणि त्याचे नमुने थोडे जमतात. त्यावरून "लाखाला जातो" हे कुणी ठरवलं? आपल्याकडचा गवती किडा पकडून कुणाच्या हाती दमडीही येणार नाही. राखीव जंगलातून परवान्यावाचून किडे गोळा करणं गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवावं. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात किडे गोळा करणारे दोन परदेशी कीटकशास्त्रज्ञ पकडले गेले आणि न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं. ते तर अभ्यासक होते.

गाईचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो माझ्या शेजारी घडला.

निरोप फिरत होता त्याच पंधरवड्यात आमच्या आळीतल्या तात्यांची गाय गेली. सकाळी चारा टाकला, तात्या चहा घेऊन परत येतात तोवर गाय धापा टाकत होती. तोंडाला फेस, पाय लटपटत होते. बसली ती उठली नाही. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. दुसऱ्या वेताची गाय, दिवसाला अकरा लिटर दूध. गव्हाणीत उरलेला चारा उचलताना त्यात काडीसारखा एक किडा दिसला. पुढे काय झालं ते सांगायला नको. संध्याकाळपर्यंत निरोपाखाली तात्यांच्या गाईचा फोटो लागला होता. दोन दिवसांत आळीतल्या पोरांनी बांधावरचं गवत पेटवून दिलं.

मी तात्यांकडे गेले तेव्हा ते ओट्यावर बसून होते. म्हणाले, "बाई, तुमी शिकल्याल्या. पर म्या डोळ्यानं बगितलाय किडा." मी म्हटलं, "तात्या, किडा होता हे मला मान्य. चारा कसला होता?"

"कडवळ. दुसरं काय असनार?"

"केवढं?"

त्यांनी हात गुडघ्याच्या थोडा वर धरला.

कडवळ म्हणजे हिरव्या चाऱ्याची ज्वारी. त्या वर्षी पेरणी झाली आणि मग पावसानं तीन आठवडे दडी मारली. ज्वारी गुडघ्यावर येऊन खुंटली, पानं सुकत चालली. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो. पान चघळलं की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं, म्हणजे सायनाइडच. ज्वारी जितकी कोवळी आणि पाण्याच्या ताणावर जितकी खुंटलेली, तितका धोका मोठा. कापणीनंतर बुडख्यांना येणारे फुटवेही तसेच घातक. जनावराच्या पोटात हे विष गेलं की रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून धाप, म्हणून लटपट, म्हणून काही मिनिटांत किंवा तासाभरात मरण. रक्त अशा वेळी लालभडक दिसतं. जनावरांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी येऊन हेच सांगितलं होतं. पण तोवर सगळ्यांच्या मोबाइलवर किडा पोचला होता, आणि डॉक्टरांचं बोलणं कुणी नीट ऐकलं नाही.

निरोपातला "अर्धा तास" कुठून आला असेल, याचं मला तिथे बसल्या बसल्या उत्तर मिळालं. गवती प्रार्थनाकीटक वाढून डोळ्यांत भरण्याएवढा होतो तो भाद्रपदात. कडवळ गुडघ्यावर असतं तेही तेव्हाच. दोघे एकाच रानात, एकाच पेंढीत. गाय दगावते, किडा सापडतो, आणि किड्याला वाचा नसल्यामुळे तो आपली बाजू मांडू शकत नाही. ही गफलत आपल्याच लोकांची नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात प्रार्थनाकीटकाला 'खेचरमाऱ्या' म्हणत. त्याची लाळ पोटात गेली की खेचर मरतं, असा तिथे समज होता. खेचरांची कारणंही वेगळीच असणार.

किड्यांमुळे जनावर कधीच मरत नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळक्या गठ्ठ्यात फोड आणणारे भुंगे दाबले जातात आणि ते खाऊन घोडे मरतात. त्या भुंग्यांच्या अंगात कँथरिडिन नावाचं खरं विष असतं. म्हणजे चाऱ्यात किडा दिसला तर लक्ष देणं योग्यच. पण कोणता किडा ते बघायला हवं, आणि त्याआधी चारा बघायला हवा. घटसर्प आहे का, फऱ्या आहे का, पोट फुगलंय का, पान लागलंय का, म्हणजे साप चावलाय का, कडवळ किती कोवळं होतं, हे प्रश्न आधी. जनावर धाप टाकत असेल तर डॉक्टरांना फोन करताना "कोवळी ज्वारी खाल्ली आहे" हे एक वाक्य सांगा. त्यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं शिरेतून देतात आणि वेळेत मिळाली तर जनावर वाचतं. "किडा खाल्ला" असं सांगितलं तर मोलाची मिनिटं भलत्याच शोधात जातात. निरोपातलं सगळ्यांत मोठं नुकसान मला हे वाटतं. किडा जाळून माणूस निर्धास्त होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच रानातली दुसरी पेंढी दुसऱ्या गाईपुढे टाकतो.

तात्यांकडे दुसरी गाय होती. मी विचारलं, तिला आज काय टाकलं? तात्या काही न बोलता उठले आणि गोठ्यात गेले. गव्हाणीतलं कडवळ दोन्ही हातांनी उपसून त्यांनी बाहेर टाकलं, आणि वाळला कडबा आणून घातला. मग माझ्याजवळ मोबाइल दिला. "बाई, ह्यात बोलून धाडता येतं नव्हं? लावा."

मी बटण दाबून धरलं. त्यांनी घसा खाकरला आणि मोबाइल तोंडाजवळ नेला, फार जवळ.

"मी खालच्या आळीचा तात्या बोलतुया. माझी गाय किड्यानं न्हाई गेली. कवळ्या कडवळानं गेली. फुलोऱ्यावर आल्याबिगर कडवळ जनावराफुडं टाकू नगा. पाऊस वडला आसंल तर आजाबात नगा. आन् त्या किड्याला जाळू नगा, त्याचा काय संबंध न्हाई. झालं, बंद करा बाई."